काळी तार

मोटर फिरायला निघाली की बोर्ड बंद पडायचा.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तळहाताएवढा निळा आर्दुइनो बोर्ड, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली छोटी मोटर आणि त्या दोघांच्या मध्ये मोटर चालवणारा ड्रायव्हर. प्रोग्रॅम साधा होता. दोन सेकंद थांब, मोटर चालू कर, दोन सेकंदांनी बंद कर, पुन्हा तेच. बोर्डावरचा दिवा लागायचा, दोन सेकंद जायचे, मोटर अर्धा फेरा घ्यायची आणि दिवा क्षणभर विझून पुन्हा लागायचा. म्हणजे बोर्ड परत पहिल्या ओळीवर. पुन्हा दोन सेकंद, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा अंधार.

पंधरा वर्षं मी प्रोग्रॅम लिहून पोट भरते आहे. पगारपत्रकं, हजेरी, रजेचा हिशेब. काही बिघडलं की चूक आपल्या लिहिण्यात शोधायची, ही सवय इतकी मुरलेली की त्या रात्री मी त्या दहाबारा ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. कंस मोजले, वेळ बदलून पाहिली. ओळींमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं.

कारण मला दुसऱ्या दिवशी मेकाट्रॉनिक्सच्या क्लासमध्ये कळलं. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःही थोडा उलटा व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे तिचा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरकडे तो आवर नसतो. जागेवरून हलायच्या त्या पहिल्या क्षणी ती चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. मी मोटर आणि बोर्ड एकाच पुरवठ्यावर जोडले होते. मोटरने हिसका दिला की पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसायचा आणि बोर्डाचा श्वास तुटायचा. दोघांना वेगवेगळा पुरवठा द्या, सर म्हणाले.

मी घरी येऊन मोटरला वेगळी बॅटरी दिली. आता बोर्डाचा दिवा शांत जळत राहिला, पण मोटर ऐकेना. कधी नुसती थरथरायची, कधी सांगितलेलं नसताना हलायची, कधी ढिम्म. पुढच्या शनिवारी मी सगळं डब्यात भरून क्लासला नेलं. सरांनी झाकण उघडलं, तारांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काळ्या तारा एकत्र आहेत का?"

नव्हत्या. बॅटरीची काळी तार ड्रायव्हरला गेली होती, बोर्डाची काळी तार बोर्डापाशीच राहिली होती. सरांनी दोन्हींच्या मध्ये बोटभर लांबीचा एक काळा तुकडा जोडला. मोटर दोन सेकंद थांबली, दोन सेकंद फिरली, दोन सेकंद थांबली.

पाच व्होल्ट ही एकट्या तारेची गोष्ट नसते. घराची उंची जोत्यापासून मोजतात, तसा व्होल्टेजही कशापासून तरी मोजावा लागतो. बोर्ड आपल्या जोत्यापासून पाच व्होल्ट वर जाऊन 'चालू' म्हणत होता आणि ड्रायव्हर त्याचं म्हणणं स्वतःच्या जोत्यावरून मोजत होता. दोन जोत्यांचं एकमेकांशी काही नातंच नव्हतं. बोर्ड बरोबर बोलत होता, ड्रायव्हरमध्ये दोष नव्हता, मधली तारही धड होती. तरी निरोप पोहोचत नव्हता. पुरवठा वेगवेगळा असला तरी चालतो, किंबहुना असावाच लागतो. ग्राउंड मात्र एक लागतं.

त्या बोटभर काळ्या तुकड्याने मला जे शिकवलं ते पुरतं उमगायला पुढचं वर्ष गेलं.

मेकाट्रॉनिक्स हा शब्द जपानी कारखान्यात जन्मला. मोटरी बनवणाऱ्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरने १९६९ साली मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन शब्द जोडून तो बनवला. कंपनीने त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदही केली होती. पुढे तिने तो हक्क सोडून दिला आणि शब्द सगळ्यांचा झाला. मला हे फार योग्य वाटतं. दोन धंद्यांच्या सांध्यावर जन्मलेला शब्द एकाच्याच तिजोरीत राहिला असता तर त्याचं कामच झालं नसतं.

आमचा क्लास चिंचवडला, शनिवार-रविवार सकाळी. एका बाकावर आम्ही तिघं बसायचो. एक भोसरीच्या एमआयडीसीतला मशिनिस्ट. त्याच्या तळहाताच्या रेघांत काळं तेल कायमचं बसलेलं. दुसऱ्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळक्या वॉर्निशच्या वासावरून मोटरचं दुखणं सांगणारा. तिसरी मी. तिघांनी मिळून पट्ट्यावरून येणारे डबे मोजायचं एक छोटं यंत्र केलं, तेव्हा पहिले कित्येक तास एकमेकांकडे बोट दाखवण्यात गेले. मोजणी चुकली की मशिनिस्ट म्हणायचा प्रोग्रॅम तपासा, मी म्हणायची वायरिंग बघा, रिवायंडिंगवाला म्हणायचा पट्टाच हलतोय. आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरं निघायचं.

त्या यंत्रातली एक गोष्ट सांगते. डबा आला की एक बटण दाबलं जाईल आणि आकडा एकाने वाढेल, अशी योजना होती. मी बोटाने बटण एकदा दाबलं आणि पडद्यावर आकडा आला सात. पुन्हा दाबलं, अकरा. एकदा दाबलं की कधी चार मोजले जायचे, कधी सात.

बटणाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींवर आपटतात तेव्हा लगेच स्थिरावत नाहीत. लहान मुलाच्या हातून खाली पडलेली स्टीलची वाटी जशी थरथरत थरथरत शेवटी गप्प होते, तशा काही मिलिसेकंद उडत राहतात. आपल्या बोटाला हे कळत नाही. पण बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालतो. त्याच्या लेखी काही मिलिसेकंद म्हणजे मोठा काळ. त्याला ती प्रत्येक उडी दिसते आणि तो प्रत्येक उडी इमानाने मोजतो.

माझ्या पगारपत्रकांच्या जगात माणूस हजर तरी असायचा नाही तर गैरहजर. तो 'हो' माझ्यापर्यंत यायच्या आधी कुणीतरी, कुठेतरी ठरवलेला, शिक्का मारलेला असायचा. इथे पहिल्यांदा मला दिसलं की वस्तूंच्या जगात 'हो' हा आधी थरथरतो आणि मग ठरतो. तो ठरेपर्यंत थांबणं हेही यंत्र बनवणाऱ्याचंच काम असतं.

या दुखण्यावर औषधं तीन. मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, पहिला स्पर्श झाला की वीस मिलिसेकंद कशाकडे बघू नकोस. रिवायंडिंगवाल्याने बटणापाशी एक छोटा कपॅसिटर लावला. त्याने त्या उड्या वाटेतच गिळल्या. मशिनिस्ट म्हणाला, बटणच कशाला हवं, डब्याने दाबायचं बटण कधीतरी वाकणारच. त्याने तिथे प्रकाशाचा किरण अडला की कळवणारा सेन्सर बसवला. तिन्ही उपाय खरे होते. कोणता स्वस्त, कोणता टिकाऊ, कोणता दुसऱ्याच्या कामात कमी ढवळाढवळ करणारा, हे तिघांनी एका बाकावर बसूनच ठरवता येत होतं. दुखण्याला काय ठाऊक की ते कुणाच्या खात्यातलं आहे!

मी हे सगळं का शिकत होते, असं मला ऑफिसात पुष्कळांनी विचारलं. पगार वाढणार होता असं नाही. मी सांगायची, आवड म्हणून. खरं उत्तर इचलकरंजीत होतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. मी जन्मले तोवर गावात मागाचा खडखडाट नाही अशी गल्ली उरली नव्हती. आमच्या घराला लागूनच शेड होतं आणि माझे वडील, आप्पा, त्या आणि आसपासच्या चारपाच कारखान्यांत जॉबर होते. माग बिघडला की जॉबर. धोटा उडाला, फणी घासली, पिकिंगचा दांडा तुटला, की कुणीतरी पोरगं पळत यायचं आणि आप्पा हातातला घास तसाच टाकून उठायचे. शाळा सुटली की मी शेडच्या दारात बसून त्यांना बघायची. आत बोलणं ऐकू येण्याची सोयच नव्हती. सगळं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी चालायचं.

पण मला आप्पांपेक्षाही ज्याचं नवल वाटायचं तो होता मागावरचा फोर्क. मागाच्या कडेला, फणीजवळ, तारेचा एक हलका काटा असतो, बहुतेक तीन दातांचा. फणी आडवा धागा ठोकायला पुढे येते तेव्हा तो धागा या दातांना टेकतो. टेकला की काट्याची शेपटी उचलली जाते आणि तिच्याखालून मागेपुढे करणारा लोखंडी आकडा मोकळा निघून जातो. धागा टेकला, शेपटी उचलली, आकडा गेला. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा जायचा आणि फोर्क असा अखंड खालीवर होत राहायचा. कांडी संपली किंवा धागा तुटला, की दातांना टेकायला काही उरत नाही. शेपटी खालीच राहते. आकडा तिला पकडतो, ओढतो, हँडल खटकन खाचेतून सुटतं आणि माग उभा राहतो.

विजेची एकही तार नाही. एक काटा, एक शेपटी, एक आकडा. पण सेन्सर, निर्णय आणि कृती, मेकाट्रॉनिक्सच्या पहिल्या तासाला फळ्यावर काढतात ते तिन्ही चौकोन त्यात आहेत. १८४२ च्या सुमारास लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या जेम्स बुलो आणि विल्यम केनवर्दी यांनी जो माग घडवला त्यात आडवा धागा तुटल्यावर थांबण्याची अशी सोय होती. पुढे जपानात साकिची तोयोदा नावाचा सुताराचा मुलगा मागांच्या मागे लागला. त्याने १९२४ साली पूर्ण केलेला माग धोटे चालता चालता बदलायचा आणि धागा तुटला की आपला आपण थांबायचा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी १९२९ साली त्याचे हक्क घेतले. तोयोदाच्या मुलाने मोटारींचा जो उद्योग उभारला त्यातून १९३७ साली टोयोटा कंपनी निघाली. चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावं, माणसाला हाक मारावी आणि बाकी वेळ माणसाची नजर मोकळी ठेवावी, हा विचार तिथे मागावरून मोटारींच्या कारखान्यात गेला.

नजर मोकळी ठेवणं म्हणजे काय, हे रात्रपाळीचा माग चालवणाऱ्याला विचारावं. आमच्या गावच्या साध्या मागांवर आडव्या धाग्याला फोर्क होता, पण उभे हजारो धागे माणसाच्याच डोळ्यांवर सोपवलेले होते. एक तुटला आणि दिसला नाही तर वारभर कापडात रेघ पडते, आणि ती रेघ मजुरीतून वजा होते. आप्पांच्या शेडमधले काका पहाटे घरी जायचे तेव्हा त्यांचे डोळे लाल असायचे. यंत्राला बघायला शिकवणं ही माझ्यासाठी कधीच नुसती हौस नव्हती, याचं मूळ त्या लाल डोळ्यांत आहे.

नंतर धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग आले. शेडमधले जुने माग एका उन्हाळ्यात भंगाराच्या भावाने, किलोवर गेले. आप्पांचं काम संपलं. तोवर खडखडाटाने त्यांचे कानही नेले होते. फोनवर आमचं बोलणं म्हणजे मी ओरडून विचारायचं, जेवलात का, आणि त्यांनी अंदाजाने सांगायचं, पाऊस नाही अजून. त्यांना मी काय काम करते ते कधी सांगता आलं नाही. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम हातवारे करून कसा दाखवणार?

क्लासच्या शेवटी प्रत्येकाने एक यंत्र करायचं होतं. मी धाग्याचा ताण निवडला.

मागाच्या पाठीमागे उभ्या सुताचं बीम असतं. त्याला साखळीचा वेढा, साखळीला दांडा, दांड्याला टांगलेली वजनं. त्या पकडीमुळे ताणा ताठ राहतो. बीम भरलेलं असतं तेव्हा त्याचा घेर मोठा असतो. सूत निघत जाईल तसा घेर कमी होतो, पण साखळीची पकड तीच, त्यामुळे ताण वाढत जातो. मग वजन दांड्यावर थोडं आत सरकवावं लागतं. किती, ते आप्पा पालथी बोटं ताण्यावरून फिरवून ठरवायचे. सतारीच्या तारेवरून बोट जावं तसं, आणि मग वजन दोन बोटं आत.

माझं यंत्र त्याचं लहान भावंड होतं. एक रीळ एकसारख्या गतीने फिरून धागा सोडणार, दुसरं ओढून घेणार. मध्ये एक हलका दांडा, त्याच्या टोकाला चकती, चकतीवरून धागा. धागा सैल पडला की दांडा खाली, ताणला की वर. दांड्याच्या मुळाशी एक पोटेन्शिओमीटर, जो दांडा कुठे आहे ते ० ते १०२३ मधल्या एका आकड्याने बोर्डाला सांगतो. दांडा ५१२ वर राहावा म्हणून ओढणाऱ्या मोटरची गती कमीजास्त करायची, एवढंच बोर्डाचं काम.

या कामाचं शास्त्र बरंच जुनं आहे. रशियात जन्मून अमेरिकेत गेलेल्या निकोलस मिनोर्स्कीने १९२२ साली जहाज आपोआप सुकाणू कसं धरेल यावर निबंध लिहिला आणि पुढे 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या यंत्राच्या चाचण्या झाल्या. त्याने पाहिला होता सुकाणूवरचा जाणता खलाशी. तो खलाशी फक्त जहाज आत्ता किती वाकडं गेलंय एवढंच बघत नाही. किती वेळ ते एकाच बाजूला ओढलं जातंय हे त्याच्या लक्षात असतं, आणि ते कुठल्या वेगाने वळतंय यावरून तो आधीच हात उलटा घेतो. आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा बदलता वेग. या तिन्हींना मिनोर्स्कीने गणितात बसवलं. आज जगभरच्या यंत्रांत चालणारं पीआयडी नियंत्रण ते हेच. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ वही मिटून बसले होते. ज्याला आपण गणित म्हणून घोकतो ते मुळात एका खलाशाच्या हातात होतं. कुणीतरी त्याच्याकडे आदराने, बारकाईने पाहिलं म्हणून ते कागदावर आलं.

माझा दांडा मात्र काही केल्या ऐकेना. नुसत्या आत्ताच्या चुकीवर चालवलं तर तो मधोमध न येता थोडा खालीच थांबायचा. जोर वाढवला तर झोपाळ्यासारखा वरखाली. बदलाच्या वेगाचा हिस्सा घातला तेव्हा झोके थांबले. साचलेल्या चुकीचा हिस्सा घातला तेव्हा तो हळूहळू मध्याकडे सरकला. मी आनंदाने उठून पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात धागा तुटला. दांडा खाली पडला. बोर्डाला वाटलं धागा सैल आहे. त्याने ओढणारी मोटर जोरात सोडली, चूक काही कमी होईना, ती साचत गेली, मोटर आणखी जोरात. मी परत आले तेव्हा ओढणारं रीळ रिकामंच भन्नाट फिरत होतं आणि सोडणाऱ्या रिळाने जमिनीवर धाग्याचा ढीग घातला होता.

तो ढीग सोडवत बसले असताना मला फोर्क आठवला. माझ्या यंत्राला धागा मोजता येत होता, पण धागा आहे का, हा पहिला प्रश्न मी त्याला विचारायलाच शिकवलं नव्हतं. मी दोन ओळी लिहिल्या. दांडा अगदी तळाशी गेला आणि अर्धा सेकंद तिथेच राहिला, तर सगळं थांबव. ज्या दोन ओळी मी त्या रात्री लिहिल्या, त्या मी दहा वर्षांची असताना शेडच्या दारात बसून पाहिल्या होत्या.

तरीही एक खोड गेली नाही. दांडा मध्यावर यायचा, पण दर थोड्या वेळाने एक उसळी घ्यायचा. पडद्यावर आलेखाची रेघ सरळ जायची आणि मध्येच तिला उंचवटा. मी आकडे गाळून पाहिले, दहा वाचनांची सरासरी घेतली, तिन्ही हिस्से कमीजास्त केले. उंचवटा थोडा बुटका व्हायचा, जायचा नाही. यात तीन आठवडे गेले.

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं, तसं भावाने आप्पांना पुण्याला आणून सोडलं. दोन दिवस ते खिडकीशी बसून राहिले. तिसऱ्या रात्री मी टेबलावर यंत्र मांडलं तेव्हा ते उठून आले, खुर्ची ओढून बसले आणि काही न विचारता बघत राहिले. सोडणारं रीळ, ओढणारं रीळ, मधला दांडा. मी त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना ते काय आहे ते दिसत होतं.

"ताण व्हय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पालथं करून चालत्या धाग्याखाली धरलं. इतकं हलकं, की दांडा जागचा हलला नाही. डोळे मिटले. मग म्हणाले, "आता."

थोडं थांबून, "आता." पुन्हा थांबून, "आता."

मी पडद्याकडे पाहिलं. ते 'आता' म्हणत होते तेव्हा तेव्हा रेघेला उंचवटा येत होता. त्यांची पाठ पडद्याकडे होती, डोळे मिटलेले होते, कानांना मोटरचा आवाज जात नव्हता. दर दोन सेकंदांनी बोट आणि सेन्सर एकच गोष्ट सांगत होते. मी घड्याळ पाहिलं, मग सोडणाऱ्या रिळाकडे पाहिलं. मिनिटाला तीस फेरे. म्हणजे दोन सेकंदांत एक.

"फेऱ्याला एकदा वडतोय," आप्पा म्हणाले. "रीळ मधी न्हाई बसलेलं. हात लावून बघितलीस का?"

मी हात लावून बघितलं नव्हतं. तीन आठवडे आकडे बघितले होते. रिळाचं भोक मोटरच्या दांडीपेक्षा किंचित मोठं होतं आणि मी ते एकाच बाजूने स्क्रू पिळून बसवलं होतं. त्यामुळे ते केसभर एका अंगाला सरकलेलं. दर फेऱ्याला थोडा धागा जास्त सुटायचा, थोडा कमी. आकड्यांत ते सगळं लिहिलेलं होतं. दोन सेकंद हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. पण मी त्याला प्रोग्रॅममधला दोष समजून प्रोग्रॅममध्ये औषध देत होते.

"पॅकिंग दे," ते म्हणाले. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा मी कात्रीने कापून दिला. त्यांनी त्याची पट्टी दांडीभोवती गुंडाळली, रीळ वर दाबलं, अंगठ्याने फिरवून डोळ्यासमोर धरलं, पट्टी थोडी आखूड केली, पुन्हा बसवलं. मग पुन्हा यंत्र सुरू केलं आणि पुन्हा बोट पालथं करून धाग्याखाली धरलं. मी पडद्याकडे बघत राहिले. दोन सेकंद गेले, चार गेले, दहा गेले. आप्पा काही बोलले नाहीत. रेघ सरळ चालली होती, नुसती बारीक थरथरत.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बसलो. मी त्यांना पोटेन्शिओमीटर दाखवला. त्यांनी दांडा बोटाने वरखाली करून पडद्यावरचा आकडा बदलताना पाहिला, आणि मग मुद्दाम धागा तोडला. दांडा पडला, अर्ध्या सेकंदाने मोटरी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तीन बोटं वाकवून फोर्कसारखी वर उचलली. शेडमध्ये ही खूण मी कित्येकदा पाहिली होती. मीही तीन बोटं उचलली. कितीतरी वर्षांत आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं.

मग त्यांनी एकेका तारेवर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. लाल कशाला, पिवळी कशाला. शेवटी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या त्या बोटभर काळ्या तुकड्यावर त्यांचं बोट आलं. मी कागद घेतला. दोन घरं काढली, वेगवेगळ्या उंचीची, आणि दोन्हींच्या खालून एकच आडवी रेघ ओढली. खाली लिहिलं: ही नसली तर एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

त्यांनी कागद दिव्याखाली धरून वाचला. मग तो काळा तुकडा चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिला, घट्ट आहे ना म्हणून.

"मग ही पयल्यांदा जोडत जा," ते म्हणाले.

तेव्हापासून मी तीच आधी जोडते.